झिपरीच्या तीनशे बारा बाटल्या

सोमवार, ४ मार्च

मुंगे,

सगळ्यात आधी टपकली ती वरच्या मजल्यावरची शिंपीण. तुझी गाडी कोपऱ्यावर वळते न वळते तोच हिची पावलं जिन्यावर. गळ्यात मोजायची पट्टी अडकवलेली, म्हणजे आपण हातातलं काम टाकून काळजीपोटी आलोय असं दिसावं. म्हणाली, "आजी, नात गेली वाटतं? एकट्या पडलात हो." मी म्हटलं, "पाच आठवड्यांचा तर प्रश्न आहे. डोंगरात पूल बांधतायत, तिथली मोजमापं घ्यायला गेलीय." पण बाईचं लक्ष माझ्याकडे कुठलं! तुझ्या खोलीतल्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर डोळे. "अगंबाई, ही कोण उभी आहे आत?"

मग सांगावंच लागलं. म्हटलं, ही आपली झिपरी. (तू तिचं नाव काहीतरी लांबलचक ठेवलंयस, माझ्या जिभेला ते वळत नाही. केस डोळ्यांवर येतात म्हणून झिपरी. तिला वेणी घालायची काही सोय नाही का गं?) तिला सांगितलं की हा खेळ आहे, हजारो माणसं आपापल्या घरात बसून एकाच गावात हिंडतात, कुणी तलवार घेऊन, कुणी धनुष्य घेऊन, आणि आमची झिपरी वैदीण आहे, पडलेल्यांना उठवते. बारा एप्रिलला त्या खेळात नवा मुलूख उघडणार आहे. तू त्याला एक्स्पान्शन की काय म्हणतेस, मी आपली नवा मुलूख म्हणते. त्या दिवशी पाच-पाच जणांच्या टोळ्या वेशीतून आत जाणार. आणि आत औषध मिळत नाही, म्हणून आधीच बाटल्या भरून ठेवायच्या. औषधाचं झुडूप दिवसातून एकदाच पालवतं, म्हणून रोज कुणीतरी जाऊन खुडायला हवं. ते कुणीतरी म्हणजे मी.

शिंपीण म्हणाली, "म्हणजे नात डोंगरात आणि तुम्ही जंगलात." टोमणा होता, पण मला आवडला.

तिच्या मागोमाग खालचे घड्याळवाले आले. ते काही विचारत नाहीत, नुसते दारात उभे राहून घसा खाकरतात. "आजीबाई, ह्या वयात?" मी म्हटलं, "सव्वीस वर्षं दवाखान्यात औषधाच्या बाटल्या धुतल्यात मी. ह्या वयात नाही तर काय जन्माला आल्या आल्या करायचं होतं?" गेले बिचारे.

आता कामाचं. तू बटणांवर लाल ठिपके चिकटवून गेलीस ते बरं केलंस. चौथीपर्यंतच्या शाळेत एवढी बटणं नव्हती. पहिल्यांदा झिपरीला घेऊन निघाले ती थेट तळ्यात. बुडाली नाही, पण भिजली. दुसऱ्यांदा झाडावर जाऊन आपटली. तिसऱ्यांदा झुडपापाशी पोचले आणि खुडलं गं खुडलं! हिरवी पानं पिशवीत पडताना तो जो आवाज होतो ना, टुप्प, तो ऐकायला मी दिवसभर खुडेन.

कुणाशी बोलू नकोस म्हणालीस. नाही बोलले. तोंडाला कुलूप. फक्त एक धनुष्यवाला भेटला, त्याने लिहिलं, "आलीस?" आता माणूस विचारतो आणि आपण ढिम्म उभं राहायचं हे मला जमत नाही. एका बोटाने लिहिलं, "आले. जेवलास का?" एवढंच. तो म्हणाला, "हो." म्हटलं, "शाबास." बस्स.

तू जेवतेस ना?

आजी

*

शनिवार, ९ मार्च

आजी,

जेवते. पत्र्याच्या खोलीत आम्ही चौघी आहोत, खिडकीतून दरी दिसते आणि दरीत फोन अजिबात लागत नाही. जीप दर शनिवारी शिधा घेऊन येते, तीच पत्रं आणते आणि नेते. तुझं पत्र ड्रायव्हरने मोठ्याने वाचायला मागितलं. दिलं नाही.

तो धनुष्यवाला म्हणजे काजवा. आमच्याच टोळीतला. आजी, मी त्याला सहा वर्षांत जेवलास का असं विचारलेलं नाही. कृपा करून पुन्हा विचारू नकोस.

तुला निघताना एक गोष्ट सांगितली नाही, तू काळजी करत बसली असतीस म्हणून. आमच्या टोळीचा म्होरक्या आहे तो सरदार. दोन कुऱ्हाडीवाला, सगळ्यांत उंच. त्याचा नियम आहे, महिनाभर जो दिसला नाही त्याची जागा गेली. मी नसताना झिपरी (बघ, मीही तेच म्हणायला लागले) रोज दिसली पाहिजे, ते फक्त झुडपासाठी नाही. मी गेलेय हे त्यांना कळता कामा नये.

आणि दुसरं. मी निघायच्या आदल्या आठवड्यात सरदारने टोळीत एक नवी घेतली, निळ्या झग्यातली. तीही वैदीण आहे. पाच जणांत दोन वैदिणी कशाला लागतात? मला कळतं. ती माझ्या जागेवर डोळा ठेवून आहे. तिच्यापासून चार हात लांब राहा.

कॉलेजातली ती तीन वर्षं तुला आठवतात. मी घरी आल्यावर तू विचारायचीस, आज कुणाशी बोललीस का, आणि मी हो म्हणायचे. ते हो म्हणजे हीच माणसं. दुसरं कुणी नव्हतं. म्हणून ही जागा मला हवीय.

पिशवीत तीनशे बारा बाटल्या आहेत. दोन वर्षं लागली मला जमवायला. वेशीवर तीनशे लागतात, म्हणजे झालंच आहे. तू रोज खुडतेस ते वरकड, अडीअडचणीला. त्या बाटल्यांना फक्त हात लावू नकोस.

मुंगी

*

मंगळवार, १२ मार्च

मुंगे,

तुझं पत्र अजून आलं नाही, पण मला राहवेना. आज इतकं काम उरकलंय की अंग हलकं झालंय.

सकाळी झिपरीची पिशवी उघडली. नवीन मुलखात जायचं, आणि पिशवी अशी कोंबलेली, की सुई ठेवायला जागा नाही. मुंगे, तुला घर सोडून जाताना तुझं कपाट तसंच टाकून जायची सवय आहे हे मला ठाऊक होतं, पण खेळातसुद्धा? तुटके बाण, कुणाचे तरी एकेकटे बूट, फुटका आरसा. सगळं बाहेर काढलं.

आणि मग बाटल्या दिसल्या. बाटलीवर बोट नेलं की तिची तारीख दिसते, हे तू मला सांगितलं नव्हतंस, माझं मीच शोधलं. बघते तर काय, दोन वर्षांपूर्वीची! दीड वर्षापूर्वीची! एकही ह्या वर्षातली नाही. अगं, ह्या तू माणसांना पाजणार होतीस? आमचे कंपाउंडर काका म्हणायचे, जुनं औषध हे औषधाचं सोंग असतं. सव्वीस वर्षांत माझ्या हातून एक जुनी बाटली कुणाच्या घशात गेली नाही. आता म्हातारपणी जाऊ देऊ?

टाकल्या. सगळ्या. वीस-वीसच्या पंधरा चळती आणि वर बारा. तो खेळ पण किती काळजीवाहू, दरवेळी विचारतो, "नक्की टाकायचं? परत मिळणार नाही." मी म्हणते, "नक्की रे बाबा, परत मिळूच नये." शिंपीण शेजारी बसून मोजत होती.

आता पिशवी कशी आरशासारखी लख्ख झालीय. ताज्या पाल्याच्या नव्या बाटल्या भरायला घेतल्यात, आज चार झाल्या.

आणि एक फार गोड बाई भेटली. निळा झगा घातलेली. तिला विचारलं, "बाई, ह्या झुडपाचा पाला वरून खुडायचा की खालून?" ती म्हणाली, "तुला माहीत नाही?" मी म्हटलं, "विसरले." मग तिने इतकं नीट समजावलं! पलीकडच्या दलदलीतही हेच झुडूप आहे म्हणाली, तिथे कुणी जात नाही. उद्या सकाळी आम्ही दोघी जाणार आहोत.

तुझी कामसू
आजी

*

गुरुवार, १४ मार्च

मुंगे,

तुझं पत्र काल संध्याकाळी आलं.

मंगळवारी मी एक पत्र टाकलंय. तुझं वाचलं तशी चपला न घालता पोस्टात गेले. खिडकीवरचा माणूस म्हणाला, "आजी, थैली कालच गेली." मी म्हटलं, "परत बोलवा." तो म्हणाला, "थैलीला कान नसतात." माझ्या जिवाचं पाणी होतंय आणि ह्याला विनोद सुचतोय.

ते पत्र हातात पडेल तेव्हा आधी बसून घे. दरीच्या कडेला उभी राहून वाचू नकोस.

आजी

*

शनिवार, १६ मार्च

आजी,

दोन्ही पत्रं एकदमच मिळाली. मी आधी गुरुवारचं उघडलं. बसले. मग मंगळवारचं वाचलं.

खेळातली औषधं नासत नाहीत, आजी. कधीच नाहीत. शंभर वर्षांनीही नाहीत.

दोन वर्षं मी रोज रात्री जेवण झाल्यावर चार-चार बाटल्या भरल्या, आणि लढायांत खर्च होऊन उरतील त्या साठवल्या. आणि तू ज्या बाईला पाला कसा खुडायचा ते विचारलंस, ती तीच आहे. आता तिला कळलं असेल की वैदिणीला पाला खुडता येत नाही.

तुझ्यावर रागावले नाही असं लिहिणार होते, पण ते खोटं आहे. रागावलेय. पुढच्या शनिवारपर्यंत कमी होईल.

गोळ्या वेळेवर घे.

मुंगी

*

बुधवार, २० मार्च

मुंगे,

राग तुझा हक्काचा आहे. माझं मन मला खातंय, तेव्हा तू वेगळं काही बोलायची गरजच नाही. दोन दिवस अन्न गोड लागलं नाही. (खाल्लं. पण गोड लागलं नाही.)

पण हातपाय गाळून बसणारी मी नाही हे तुला माहीत आहे. तुझ्या आजोबांनी एकदा अख्खी लोणच्याची बरणी फोडली होती, तेव्हा मी पहिल्यांदा काचा वेचल्या आणि मग भांडले. तसंच आता. रोज सकाळी सहाला झिपरीला उठवते. आधी तळ्याकाठचं झुडूप, मग दलदल. दोन्हीकडचं मिळून दहा बाटल्या होतात दिवसाला. दलदलीत एक मगर आहे, ती फक्त डाव्या बाजूने येते. शिंपीण डाव्या बाजूला बघत बसते आणि "आली, आली!" ओरडते. परवा तिच्या ओरडण्याने घड्याळवाले काठी घेऊन वर आले. आता तेही बसतात. घड्याळ लावून सांगतात, मगर दर चार मिनिटांनी फेरी मारते. मुंगे, माणूस कामाला येतो तो असा!

आता मुद्द्याचं, जे लिहायला मी एवढी आडवळणं घेतेय.

निळीला मी सगळं सांगितलं.

अगं थांब, पत्र फाडू नकोस. ते तेरा तारखेच्या सकाळचं आहे, तुझं पत्र मिळायच्या आधीचं. दलदलीत आम्ही दोघीच होतो. ती म्हणाली, "तू खुडताना प्रत्येक झुडपाला दोन पानं ठेवतेस. का?" मी लिहिलं, "ओरबाडू नये. उद्या त्यालाही पालवायचंय." ती म्हणाली, "खेळात त्याने फरक पडत नाही." मी म्हटलं, "मला पडतो." मग तिने एकदम लिहिलं, "तुम्ही कोण आहात?"

मुंगे, ती तुम्ही म्हणाली गं. मला तुम्ही म्हटल्यावर मी खोटं कसं बोलू? लिहिलं, "आजी." मग बाटल्यांचंही सांगितलं, तारखेचंही. ती इतकी हसली, इतकी हसली की पडद्यावर नुसती हसरी तोंडं. मग म्हणाली, "आजी, तुम्ही केलंत ते अगदी बरोबर. मीसुद्धा टाकल्या असत्या." आणि कुणाला सांगणार नाही म्हणाली.

तुला ती वाईट वाटते, मला वाटत नाही. पण मी दोनशे कोसांवरून माणूस ओळखणारी, चुकूही शकते. बाटल्या ओळखायला चुकलेच की.

आज पंच्याहत्तर झाल्या.

आजी

*

शनिवार, २३ मार्च

आजी,

राग गेला. मगरीपर्यंत आला होता, तिथे गेला. खोलीतल्या बाकीच्या तिघींना ते वाचून दाखवलं. आता त्या रोज विचारतात, आज आजीच्या किती झाल्या असतील. त्यातली एक खडक फोडायच्या यंत्रावर आहे, ती म्हणते आजीला इथे कामाला बोलव.

पण आजी, हिशोब मी केलाय. दिवसाला दहा धरल्या तरी बारा तारखेपर्यंत तीनशे होतातच असं नाही. एक दिवस वीज गेली, एक दिवस तुझे गुडघे दुखले, की संपलं. आणि निळीला माहीत आहे म्हणजे आज ना उद्या सरदारला कळणार. तिने सांगितलं नसेल तर ती योग्य वेळेची वाट बघत असेल. मी तिच्या जागी असते तर तेच केलं असतं.

दुसऱ्याने उघडं पाडण्यापेक्षा आपण होऊन सांगावं हे बरं. खाली लिहिलंय ते जसंच्या तसं सरदारला पाठव. उजव्या कोपऱ्यातल्या पाकिटावर टिचकी मार, मग सरदारच्या नावावर.

"मी चार मार्चपासून खेळात नाही. कामाला गेले आहे, दहा एप्रिलला परत येईन. माझ्याऐवजी माझी आजी खेळते आहे. तुम्हाला सांगितलं नाही, चुकले. बाटल्या पुरेशा नाहीत. माझी जागा निळीला द्या. सहा वर्षं बरी गेली."

त्यात काही घालू नकोस, काही काढू नकोस. मग खेळ बंद कर आणि गुडघ्यांना शेक दे. उत्तर आलं तर मला पाठवू नकोस, मी परत आल्यावर वाचेन.

खरं सांगू? लिहून झाल्यावर थोडं हलकं वाटलं. थोडंच.

मुंगी

*

सोमवार, १ एप्रिल

मुंगे,

उत्तर पाठवू नकोस म्हणालीस. पण उत्तर स्वतःच्या पायांनी जिना चढून आलं, तर मी काय करू?

क्रमाने सांगते. तुझं पत्र बुधवारी आलं. गुरुवारी दुपारी मी तुझा निरोप लिहायला बसले. एक बोट, दीड तास. प्रत्येक शब्द शिंपिणीने तुझ्या कागदाशी ताडून बघितला. "सहा वर्षं बरी गेली" ह्याच्याशी आले आणि माझं बोट पुढे जाईना. शिंपीण म्हणाली, "आजी, लिहा. तिने लिहिलंय ना." लिहिलं. काढलं काही नाही. घातलं मात्र. शेवटी लिहिलं, "मी आजी. बाटल्या मी टाकल्या, पोरीची चूक नाही. बोलायचं असेल तर समोर बसून बोला, मला एवढं टाइप होत नाही." आणि घराचा पत्ता दिला. आता तू म्हणशील अनोळखी माणसांना पत्ता देतात का. बरोबर आहे तुझं. घड्याळवालेही हेच म्हणाले, आणि रविवारभर काठी घेऊन आपल्याकडेच बसून होते.

काल, रविवारी, सकाळी अकराला बेल वाजली. दारात तिघं.

पुढे एक बुटका, किडकिडीत माणूस, जाड भिंगांचा चष्मा. पायपुसण्यावर तीनदा बूट पुसले तरी आत पाऊल टाकेना. म्हणाला, "आजी, मी सरदार." मुंगे, मला हसू आवरेना. पडद्यावर दोन कुऱ्हाडी खांद्यावर टाकून फिरतो, आणि इथे माझ्या खिट्टीलासुद्धा घाबरतोय. चष्म्याच्या दुकानात असतो. पाच मिनिटांत माझा चष्मा काढून त्याच्या दांड्या सरळ करून दिल्या. आठ महिने तो नाकावरून घसरत होता.

त्याच्या मागे काजवा. धनुष्यवाला. बस चालवतो, मोठा जाडजूड, त्याच्या वजनाने आपली वेताची खुर्ची रडली. बसल्या बसल्या म्हणाला, "आजी, जेवून आलोय. आधीच सांगतो."

आणि तिसरी निळी. तिने निळा झगा काही घातला नव्हता. चाळिशीची असेल, केस मागे घट्ट बांधलेले, आणि ज्या पद्धतीने तिने आल्याबरोबर हात धुतले ना, कोपरापर्यंत, त्यावरून मी ओळखलं. म्हटलं, "दवाखान्यात आहात." म्हणाली, "नर्स. सोळा वर्षं." म्हटलं, "मी सव्वीस वर्षं बाटल्या धुतल्या." मग आम्ही दोघींनी अर्धा तास डॉक्टरांची निंदा केली. बाकीचे दोघे नुसते बघत बसले.

मला धीर धरवेना. मी सरळ विचारलं, "माझ्या मुंगीची जागा जाणार का?"

सरदारने चष्मा पुसला. "आजी, आम्हाला पहिल्याच दिवशी कळलं होतं."

मी म्हटलं, "काय?"

"की ती ती नाही," काजवा म्हणाला. "सहा वर्षांत तिने मला दोनच गोष्टी लिहिल्यात, 'आले' आणि 'जाते'. आणि चार मार्चला विचारते, जेवलास का! मी तसाच फोन उचलून सरदारला म्हटलं, आपल्या वैदिणीला काहीतरी झालंय."

"मग बोलला का नाहीत?"

"ती स्वतः सांगेल म्हणून," सरदार म्हणाला. मग म्हणाला, "आणि खरं सांगायचं तर, आम्हाला आवडत होतं. मध्यंतरी मी हरलो तेव्हा तुम्ही मला लिहिलंत, पडलेला माणूसच उठतो, उभ्याला काय उठायचं. मी ते दुकानात काउंटरवर चिकटवलंय."

मी लिहिलं होतं का हे? असेल. मी काय काय लिहिते मला आठवत नाही.

पण मला गोडबोलेपणा नको होता. मी म्हटलं, "नियमाचं काय? महिनाभर दिसला नाही तर जागा गेली?"

"तो नियम न सांगता जाणाऱ्यांसाठी आहे," तो म्हणाला. "कितीजण असे गेले आजी, एक दिवस होते, दुसऱ्या दिवशी नाहीत. आम्ही वाट बघत बसायचो. म्हणून केला. पण मी कामाला चालले, दहाला येते, एवढं म्हणाली असती तर तिची जागा वर्षभर धरून ठेवली असती. तिने विचारायचं तर होतं."

आता मी निळीकडे वळले. म्हटलं, "आणि तू गं? मुंगी म्हणते तुझा तिच्या जागेवर डोळा आहे." (मी हे बोलायला नको होतं. बोलून गेले.) निळी डोक्याला हात लावून हसली. "आजी, मी दिवसभर माणसांना उठवते, बसवते, औषधं पाजते. आणि घरी येऊन परत तेच करू? मी नवीन होते म्हणून मिळालं ते घेतलं. मला तलवार पाहिजे! मी पहिल्या दिवसापासून सरदारच्या मागे लागलेय की वैदीण तुमच्याकडे आहे, चांगली आहे, मला पुढे उभं राहू दे. तिच्याएवढं लक्ष ठेवणारं मागे कुणी असेल तरच मी पुढे उभी राहीन म्हटलं."

तर बघ मुंगे. तू जिच्यापासून चार हात लांब राहायला सांगितलंस, ती तुझ्या पुढे तलवार घेऊन उभी राहायला निघालीय.

राहिल्या बाटल्या. मी पिशवी उघडून दाखवली (खेळ बंद केला नव्हता, खुडणं चालूच होतं), काल एकशे ऐंशी होत्या. तोंड बारीक करून म्हटलं, "तीनशे होतील की नाही सांगता येत नाही." सरदार म्हणाला, "तीनशे? एकटीने?" म्हटलं, "मुंगी म्हणाली वेशीवर तीनशे लागतात." तो म्हणाला, "पाच जणांच्या मिळून लागतात. प्रत्येकी साठ. तिला कुणी सांगितलं सगळ्या तिनेच आणायच्या?"

कुणी सांगितलं? कुणीच नाही. तिने विचारलंच नाही कुणाला. दोन वर्षं रोज चार बाटल्या, आणि एका शब्दाने विचारलं नाही. माझी मुंगी ती हीच. मला राग आला, हसू आलं आणि रडूही आलं, तिन्ही एकदम. मग निळीने मला पाणी दिलं आणि नाडी बघितली, सवयीने.

म्हणजे मी तीनशे बारा टाकल्या तेव्हासुद्धा तुझं काही जाणार नव्हतं, साठ काय, आठवड्यात झाल्या असत्या. अडीच आठवडे मी मगरीच्या तोंडून बाटल्या काढतेय ती आपली हौस म्हणून. शिंपिणीला सांगितलं तर ती म्हणाली, "मग आता मगरीकडे कोण बघणार?" जणू काही नोकरी गेली बिचारीची! घड्याळवाल्यांनी सांगितलंय, फेऱ्या मोजणं ते चालूच ठेवणार.

निघताना तिघं जिन्यावर रेंगाळले. काजवा खाली जाऊन परत वर आला आणि म्हणाला, "आजी, ती आल्यावर तुम्ही बोलायच्या थांबणार नाही ना?" म्हटलं, "माझं बोलणं थांबवायला अजून कुणी जन्मलं नाही." मग सरदार म्हणाला की मला वेगळी झिपरी काढून द्यावी. त्यावरून जिन्यातच त्यांचं भांडण जुंपलं. काजवा म्हणे आजीला धनुष्य द्या, निळी म्हणे काही नको, आजी मगर पाळतील. चौथा गडी, तुमचा तो ढाल धरणारा, खेळात भिंत म्हणवणारा, आगीच्या बंबावर कामाला असतो, त्याची पाळी होती म्हणून आला नाही. त्याने फोनवरून ओरडून सांगितलं, आजीला माझ्या मागे उभी करा, केसाला धक्का लागणार नाही. माणूस कसा असावा तर असा.

मी त्यांना एकच अट घातली. म्हटलं, वेशीत शिरताना पडद्यावरून नाही, इथे येऊन बसा. माझ्या खोलीत पाच खुर्च्या नाहीत, पण शिंपिणीकडे दोन आहेत आणि घड्याळवाल्यांकडे एक मोडकी आहे, ती काजव्याला. सगळे आपापले पडदे घेऊन येणार आहेत. भिंतसुद्धा सुट्टी टाकून येतोय.

तू बुधवारी, दहा तारखेला पोचतेस. म्हणजे तोंड उघडून बोलायची सवय करायला तुझ्याकडे गुरुवारचा अख्खा दिवस आहे. ते चौघं शुक्रवारी, बारा तारखेला, सकाळी दहा वाजता येतो म्हणून सांगून गेलेत.

आजी